आटलेल्या गाईचं दूध

"काकी, गाईला काय चारलं काल?"

डेअरीच्या खिडकीत बसलेल्या हिंदुरावने मशिनवरचा आकडा पुन्हा पाहिला. रोज साडेतीनच्या आसपास लागणारी फॅट आज जवळजवळ सहाला टेकली होती.

"पेंड वाढवलीय," शकुबाई म्हणाल्या.

"पेंडीनं एवढी वाढती व्हय? मग आमाला बी सांगा कंची पेंड," मागून अनिता म्हणाली. "आमची सासू निस्तं पाणी पाजती. गाईला बी आन् मला बी."

रांगेत हशा पिकला. एरवी अनिताच्या अशा बोलण्याला शकुबाईंचं उत्तर तयार असायचं. आज त्या नुसत्या हसल्या.

हिंदुरावने दुसरा नमुना घेतला. मशिन घरघरलं आणि तोच आकडा दाखवून थांबलं.

"काकी, ह्यात म्हशीचं दूध हाय," तो हळू आवाजात म्हणाला.

इंदापूर तालुक्यातलं, भिगवणपासून थोडं आत असलेलं हे गाव. ग्रामपंचायतीच्या जुन्या गाळ्यात दूध संकलन केंद्र. सकाळी आणि संध्याकाळी इथे रांग लागते. चार वर्षांपूर्वीपर्यंत या रांगेत शकुबाईंचे यजमान सोपान उभे राहायचे. धार त्या काढायच्या, कॅन ते न्यायचे. गावाच्या चौकात विनाकारण थांबावं असं शकुबाईंना कधी वाटलं नव्हतं आणि तशी वेळही कधी आली नव्हती.

सोपान गेल्यावर कॅन त्यांच्या हातात आला. पहिल्या दिवशी त्या चुकीच्या बाजूने जाऊन उभ्या राहिल्या. पुढचे कितीतरी दिवस पदर दातात धरून यायच्या, दूध घालायच्या, जायच्या. मग एका सकाळी कुणाच्या तरी कुत्र्याने कॅनमध्ये तोंड घातलं आणि त्या बोलून गेल्या, "ह्याची बी फॅट काढा रं, मालकापेक्षा जास्त भरंल." सगळी रांग हसली. घरी परतताना शकुबाई स्वतःशीच ते वाक्य पुन्हा म्हणत होत्या. आपल्याला बोलता येतं, लोकांना हसवता येतं, हे त्यांना साठी ओलांडल्यावर कळलं.

तेव्हापासून त्यांचा दिवस ठरून गेला. पहाटे उठायचं, अंघोळ करायची, धुतलेलं लुगडं नेसायचं, कॅन राखेने चकचकीत घासायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. मधल्या वेळात घर, गोठा आणि टीव्ही. घर शेतात होतं आणि चहूबाजूंनी ऊस. शेत वाट्याने दिलेलं. मुलगा दीपक चाकणला कंपनीत होता. गाय परवडत नाही, हे त्याने फोनवर कितीदा तरी पटवून दिलं होतं. त्याचं बरोबर होतं. शकुबाई दर वेळी हो म्हणायच्या आणि गाय ठेवायच्या.

गाय गाभण होती. वेताआधी दोन महिने तिला आटवावी लागते, म्हणजे धार काढणं थांबवावं लागतं. डॉक्टरने सांगितलं तशी त्यांनी आटवली. दोन दिवस त्या डेअरीला गेल्या नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी गाईला वैरण टाकताना त्यांच्या लक्षात आलं, की डॉक्टर गेल्यापासून आपण माणसाशी एक शब्द बोललेलो नाही. तिसऱ्या पहाटे त्या फाटकाशी उभ्या होत्या. धरणाच्या फुगवट्याकाठी राहणारा म्हस्कू त्या वाटेने मोटारसायकलवरून भिगवणच्या हॉटेलांना दूध न्यायचा.

"दोन लिटर देत जा. पावणं आल्यात," शकुबाई म्हणाल्या.

"किती दिस ऱ्हाणार?"

"दोन महिनं."

"लईच जवळचं दिसत्यात," म्हस्कू म्हणाला आणि त्याने माप ओतलं.

ते दूध शकुबाई रोज सकाळी डेअरीला घालू लागल्या. संध्याकाळचं गाय देत नाही, असं सांगून ठेवलं. घर गावाबाहेर असल्यामुळे गोठ्यात डोकावणारं कुणी नव्हतं. आज मात्र म्हस्कूचं गाईचं दूध कमी पडलं असावं आणि त्याने म्हशीचं टाकून माप भरलं असावं. दूध दाट आलं म्हणून हॉटेलवाला कधी तक्रार करत नाही.

"डॉक्टर मागं म्हणत हुता, तुमची गाय भरत आलीय," हिंदुराव म्हणाला. "आटवली असंल की आतापातूर."

रांगेतून दादासाहेब पुढे आले. ते संस्थेच्या कमिटीवर होते आणि सोपानच्या बरोबरीचे.

"म्हंजे दुसऱ्याचं दूध आपल्या नावावर," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "वैनी, नियम ठावं हाय न्हवं?"

नियम सगळ्यांना माहीत होता. वर्षभरात ज्याने जितकं दूध घातलं, त्या प्रमाणात दिवाळीला संस्था पैसे वाटते. त्याला फरक म्हणतात. फरक वाढावा म्हणून मागे काहींनी बाहेरचं दूध आणून घातलं होतं, तेव्हापासून त्याला बंदी होती.

"फरकासाठी हे करायचं व्हय? सोपाननं उभ्या जन्मात दुसऱ्याचा थेंब घातला न्हाय."

"कुणाचं घेताय, काकी?" हिंदुरावने विचारलं.

"म्हस्कूचं."

हिंदुराव पुढे काहीतरी बोलणार होता, तो अडखळला.

"पन म्हस्कू हाटेलाच्या भावानं देतो. आपला दर त्याच्या कितीतरी खाली. फरक धरला तरी काकी, तुमाला ह्यात तोटाच..."

त्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. अनिताही पाहत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं आणि तिथे दुसरंच काही येऊ लागलं होतं. शकुबाईंना ते ओळखू आलं. सोपानच्या दहाव्याला बायका त्यांच्याकडे असंच पाहत होत्या. दादासाहेबांची नजर त्यांनी मघापासून सोसली होती. ही नजर मात्र त्यांना सोसवणार नव्हती.

"फरकासाठीच," त्या मोठ्याने म्हणाल्या. "मला कुठं हिशोब येतो? वाटलं, दिवाळीला चार पैसं जास्त मिळतील. हाव सुटली. चुकलं माजं."

"बगा," दादासाहेब मागे वळून म्हणाले. "कबूल केलं."

हिंदुराव खाली बघत म्हणाला, "गाय व्याईस्तवर तुमचं दूध बंद ठेवावं लागंल, काकी. हे बी घेता यायचं न्हाय. परत न्या."

"नेते की."

शकुबाईंनी कॅनचं झाकण दाबून बसवलं.

"काकी, गाय व्याली की या," अनिता म्हणाली.

"येते. तवर तुझ्या सासूला जरा पेंड चार. तिची बी फॅट वाढंल."

रांग पुन्हा हसली. दादासाहेबही हसले. हसणं थांबायच्या आत शकुबाई निघाल्या. कालव्यापर्यंत त्यांची चाल नेहमीसारखीच होती. पुढे ऊस सुरू झाल्यावर त्यांनी कॅन खाली ठेवला आणि हात बदलून घेतला.

त्या घरी पोहोचल्या आणि फोन वाजला. गावाच्या ग्रुपवर बातमी गेली होती.

"आई, काय हे? दादासाहेबांनी लिवलंय ते खरं हाय का?"

"खरं हाय."

"अगं पन कशापायी?"

शकुबाई उंबऱ्यावर बसल्या. गोठ्यातली गाय त्यांच्याकडे तोंड करून उभी होती.

"आई?"

"हाय की."

"पैसं कमी पडत्यात का तुला? मला सांगायचं न्हाय व्हय? लोकांत किती वंगाळ दिसतं."

त्यांनी तोंड उघडलं. पलीकडे गाडीचा हॉर्न वाजत होता. कुणीतरी दीपकला हाक मारत होतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "थोडं कमी पडलं."

"पाठवतो आत्ता. आन् ती गाय व्याली की इकून टाक. ऐकतीस का?"

"प्रगती उठली का?" त्यांनी नातीचं विचारलं.

"शाळेत गेली. ठेवतो आई, कंपनीची बस आली."

"दोन मिंटं..." त्या म्हणाल्या, पण फोन बंद झाला होता.

थोड्या वेळाने मोबाईल टिंग वाजला. पैसे आले होते. शकुबाईंनी मोबाईल उचलला नाही. दूध नासायच्या आत तापवायला हवं होतं. रोजच्या पातेल्यात ते मावणारं नव्हतं. त्यांनी माळ्यावरून मोठं पातेलं काढलं, धुतलं, कॅन त्यात रिकामा केला आणि गॅस पेटवला. मग पाट ओढून शेजारी बसल्या.

दूध तापायला बराच वेळ लागला. कडेने बुडबुडे आले, साय धरली, मग मधोमध फुगून दूध वर येऊ लागलं. ते काठाशी आल्यावर त्यांनी गॅस बारीक केला. दूध खाली बसलं. आणखी एक उकळी यायला हवी होती. पातेल्यावर नजर ठेवून त्या बसून राहिल्या.