आमच्या घरातलं ‘वाढलं’

मी एक जुनी कणगी आहे. आमच्या चांदा जिल्ह्यात, वैनगंगेपलीकडच्या जंगलपट्टीत, मला ढोली म्हणतात. आता माझ्या अंगाला भोकं पडली आहेत आणि शेजारची कोंबडी माझ्यात अंडी घालते. तरी मित्रांनो, घटकाभर माझ्याजवळ बसा. मला स्वतःबद्दल थोडं आणि गुणाबाईबद्दल जास्त सांगायचं आहे.

पत्रू बुरडाने मला ओल्या बांबूच्या कांब्यांनी विणलं. विणताना तो माझ्याशी बोलायचा, भांडायचासुद्धा. गुणाबाई तेव्हा नवी नवरी होती. तिने मला आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलं आणि वर हळदीची बोटं ओढली. माझ्या पोटाशी धान काढायचं एक तोंड होतं, त्यात ती जुन्या लुगड्याचा बोळा कोंबायची. पहिल्या वर्षी मी गळ्यापर्यंत भरले. पाहुणा आला की तिचा नवरा देवाजी आधी मला दाखवायचा, मग पाणी द्यायचा. मी तेव्हा भारी मिजासखोर होते.

मग एका वर्षी गावच्या तलावाची पाळ फुटली आणि ती कोणी बांधलीच नाही. धान उभ्या-उभ्या वाळू लागलं. देवाजी तापाने गेला. गुणाबाई आणि तिची लहान लेकरं मागे राहिली, आणि मी.

आमच्या घरात एक रीत होती. धान संपलं तरी ‘संपलं’ म्हणायचं नाही, तो शब्द अशुभ. बांगडी फुटली की जसं ‘वाढवली’ म्हणतात, तसं धानाला ‘वाढलं’ म्हणायचं. गुणाबाई माझ्या तोंडातून हात घालून तळ खरवडायची आणि पोरांना हळूच सांगायची, “ढोली वाढली बरं.” पोरं समजायची. मग मोहफुलं उकडली जायची, तरोट्याची भाजी व्हायची, मूठभर कण्यांची पेज शिजायची. खालची घट्ट पेज पोरांना, वरचं पाणी तिला.

“मले भूक नाई,” ती म्हणायची. “तुमी जेवा.”

खोटं बोलावं तर तिने. हे एखाद्या वर्षाचं नव्हतं. अधूनमधून चार दाणे माझ्यात पडायचे आणि पुन्हा वाढायचे. तिचं सगळं तरुणपण अशा उपासमारीत गेलं.

मित्रांनो, कणगी भरलेली असली तर टिकते. रिकामी राहिली की आतलं लिंपण सुकून गळतं आणि बांबूला भुंगे लागतात. बाहेरून काही दिसत नाही. पुढे धान भरलं तरी ती भोकं बुजत नाहीत, हे मी माझ्या अंगावरून सांगते.

स्वराज्य आल्यावर काही वर्षांनी पाळ बांधली गेली. गुणाबाईचा लेक लच्छू हाताशी आला होता. धान पिकलं, मला नवं लिंपण झालं, मनकर्णा सून म्हणून घरात आली. आता खायचे दिवस आले होते आणि नेमकी तेव्हाच गुणाबाई विसरायला लागली. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं. मग विहिरीची वाट चुकायला लागली. मग एक दिवस तिने लच्छूलाच विचारलं, “भाऊ, तुमी कुठले?”

मालगुजाराच्या घरची रंभाबाई तिच्याच वयाची. तिला अजून साऱ्या गावातल्या पोरांची जन्मवेळ पाठ. तिच्या घरच्या कणग्या कधीच रिकाम्या झाल्या नाहीत. मला वैद्यकी येत नाही, पण हा फरक मला दिसतो आणि तो मला खुपतो.

पुढे गुणाबाईने जेवण सोडलं. मनकर्णा ताट मांडून हाक मारायची, “बाई, वाढलं. या.” ते ऐकलं की म्हातारी दचकायची, उठायची आणि माझ्या आडोशाला येऊन बसायची.

“लेकरायले दे,” ती म्हणायची. “मले भूक नाई.”

“काऊन बाई? माह्या हातचं गोड लागत नाई काय?”

मनकर्णा रडकुंडीला यायची. तिने देवर्षीकडून दोरा आणला, तिखट-गोड सगळं करून पाहिलं. सून सासूला उपाशी मारते, असं बाया विहिरीवर बोलू लागल्या. गुणाबाईच्या हाताची कातडी लोंबायला लागली. भरल्या कणगीला टेकून ती वाळत होती, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

लच्छू जंगलात लाकूडतोडीच्या कामावर असायचा. होळीला तो घरी आला. मनकर्णाने हाक मारली, “बाई, वाढलं,” आणि म्हातारी माझ्याकडे सरकली. लच्छूचा घास हातातच राहिला.

“वाढलं नको म्हणू तिले,” तो म्हणाला.

“मंग काय म्हणू? जेवणाले वाढलंच म्हणतेत.”

“आमच्या घरी वाढलं म्हंजे ढोली रिकामी झाली. लहानपणी हेच आयकून आमी तिच्या वाटणीचं खाल्लं.”

मनकर्णाच्या काळात मी कधी रिकामी झालेच नव्हते, म्हणून तिने तो शब्द तसा कधी ऐकलाच नव्हता. मग ती उठली. तिने माझा बोळा ओढला आणि सासूचा हात कोपरापर्यंत माझ्यात घातला. धान सळसळत खाली आलं.

“पाहा बाई, भरली हाय. आता जेवा.”

गुणाबाई कितीतरी वेळ धान चाचपत राहिली. मग ती पानावर बसली आणि भाताचं एक शीतही न टाकता जेवली. मला इतका आनंद पहिल्या वर्षीही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती हे सगळं विसरली. मनकर्णाने शब्द बदलला, “ताट भरलं, या,” म्हणू लागली. म्हातारी यायची, दोन घास खायची, बाकीचा भात मुठीत लपवून माझ्याकडे यायची. बोळा काढून तो भात माझ्यात कोंबायची आणि पुटपुटायची, “लेकरायले होईन उद्या.” जन्मभर तिने माझ्यातून काढून दुसऱ्यांना दिलं, आणि शेवटी स्वतःच्या तोंडचा घास मला भरवला. मृग लागायच्या आत ती गेली.

पुढे मला साफ करताना मनकर्णाला तळाशी भाताचे काळे, वाळलेले मुटके सापडले. ते पदरात घेऊन ती पायरीवर बसून राहिली.

मित्रांनो, मला लिंपा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझं झालं. पण तुमच्या घरात सगळ्यांचं उरकल्यावर कोण जेवतं, तेवढं आज पाहा. ती ‘भूक नाही’ म्हणाली तर विश्वास ठेवू नका. ती धडधाकट आहे तोवरच तिला हाताला धरून आपल्या पंगतीत बसवा. नंतर तुम्ही कितीही वाढलंत, तरी तिला ते संपलेलंच ऐकू येईल.