लाल चिकटपट्टीचा पेन ड्राइव्ह

दादाला मी त्या दुपारी घराबाहेर काढायला हवं होतं. काढलं नाही, कारण समोर बाबा बसले होते. बाबांना भांडण ऐकू येतं, फक्त भांडता येत नाही.

बाबा व्यायामशिक्षक होते. अख्ख्या मैदानासाठी त्यांना कधी शिट्टी लागली नाही. एक हाक मारली की पोरं जागच्या जागी उभी. मागच्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं आणि ती हाक गेली ती गेलीच. दादाने फोनवरूनच जाहीर केलं, "बाबांना नवा कोरा लॅपटॉप पाठवतो, टाइप करून बोलतील." तो लॅपटॉप अजून वाटेतच आहे.

मग मी माळ्यावरून माझा कॉलेजातला लॅपटॉप काढला. विटेसारखा जाड, बॅटरी मेलेली, हार्ड डिस्कनेही केव्हाच मान टाकलेली. दुरुस्तीवाल्याने तो नुसता हातात घेतला आणि हसून परत दिला. मग मीही हट्टाला पेटले. कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांनी असल्याच थकलेल्या मशिनांसाठी एक हलकी ऑपरेटिंग सिस्टिम बनवली आहे आणि कोणीही घ्या म्हणून खुली ठेवली आहे. ती मी पेन ड्राइव्हवर चढवली. सुरू होताना ती सगळी मेमरीत जाऊन बसते आणि तिथूनच काम करते. बंद होताना लिहिलेलं सगळं परत पेन ड्राइव्हवर उतरवते. म्हातारा लॅपटॉप तुरुतुरु चालायला लागला. मराठी वाचणारा एक आवाजही त्यात बसवला, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. बाबा एक ओळ टाइप करतात, एंटर दाबतात, की डबा बोलतो.

बाबा एकाच फाइलमध्ये बोलतात. पहिली ओळ, 'चहात साखर नाही.' तिथून पुढे वर्षभराचं बोलणं एकाखाली एक. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची सोयच उरलेली नाही. "हे तुम्ही सांगितलंच नव्हतं," असं म्हणायचा अवकाश, ते शांतपणे फाइल वर सरकवत नेतात आणि नेमक्या ओळीवर बोट ठेवतात.

पेन ड्राइव्हला मी लाल चिकटपट्टी लावली होती आणि घरात बजावून ठेवलं होतं, याला कोणी हात लावायचा नाही. पण दादा घरात असतो कुठे? पाहुण्यासारखा येतो, पाहुण्यासारखा जातो.

त्या दिवशी मी शिकवणीवरून परत आले तर बाबा खुर्चीच्या कडेवर, चेहरा लालबुंद. लॅपटॉप सुरू होता. लाल पट्टी गायब.

"पेन ड्राइव्ह कुठंय?"

"मी घेतला गं. ऑफिसचं प्रेझेंटेशन न्यायचं होतं." दादाने फोनमधून डोकंही वर काढलं नाही. "रिकामाच होता. माझ्या लॅपटॉपला लावला तर 'फॉरमॅट करू का' म्हणून विचारत होता. म्हटलं, कर."

त्याच्या लॅपटॉपला आमच्या सिस्टिमचं लिहिलेलं वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणजे रिकामं, असं त्या मशिनाचं मत, आणि त्याच्या मालकाचंही.

"दादा, अक्कल गहाण टाकलीस का? बाबांचं सगळं बोलणं होतं त्यात!"

"ओरडतेस कशाला? रिस्टार्ट केलं की येतं सगळं." असं म्हणून तो उठला आणि त्याचा हात थेट बटणाकडे गेला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं. पकड अजून मैदानावरचीच आहे. मला एकदम उमगलं. पेन ड्राइव्ह पुसला गेला होता, पण फाइल समोर उघडी होती, मेमरीत शाबूत होती. मशीन सुरू आहे तोवरच. बटण दाबलं असतं, नाहीतर वायरीला नुसता पाय लागला असता, तरी खेळ खलास.

"मागे हो. वायरीला पाय लागला ना, तर याद राख! आण तो पेन ड्राइव्ह."

त्याने खिशातून काढून दिला. मी तो लावला, फाइल त्यावर उतरवली, पुन्हा उघडून पाहिली. 'चहात साखर नाही.'

"माझं प्रेझेंटेशन उडवू नकोस हं," दादा म्हणाला.

"प्रेझेंटेशन गेलं खड्ड्यात!" मी ओरडले.

"मिळालं ना सगळं? मग घर का डोक्यावर घेतेस? मी काढत होतो तेव्हा बाबांनी सांगायचं ना मला!"

मी फाइलच्या शेवटी गेले. ओळी वाचल्या. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं, तर स्पीकरवर फुली.

"आवाज कोणी बंद केला?"

"मीच. कॉलवर होतो. सकाळपासून डोकं उठवलं होतं त्या डब्याने."

मी आवाज चालू केला, होता तेवढा मोठा केला, शेवटच्या ओळी निवडल्या आणि डब्याला वाचायला लावल्या.

"त्याला हात लावू नकोस," डबा म्हणाला. "माझं बोलणं आहे त्यात. अरे, इकडे बघ. इकडे बघ. बघ ना रे."

दादाने फोन खाली ठेवला. बाबांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि एका बोटाने सावकाश टाइप केलं.

"आता ऐकू आलं?"

दादाने मान हलवली.

बाबांनी पुढची ओळ टाइप केली.

"तोंडाने सांग."