चार वाजल्यानंतरचं रॉकेल

बेळगावच्या त्या इंधन-प्रयोगशाळेत १९८४ साली माणसं पाच होती आणि चहाचे कप चार. सहा वर्षांत हा हिशेब कुणी बोलून दाखवला नव्हता. "धर्मराजना आमचा चहा गोड लागतो," असं वरिष्ठ मार्तंडराव सांगत. धर्मराजला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

त्यानं आपला वातीचा स्टोव्ह कोपऱ्यात ठेवला होता. चारला वाती सारख्या करायच्या, चहा प्यायचा, फडक्याला बोटं पुसून पुन्हा कामाला लागायचं.

पेट्रोलचा थेंब यंत्रात सोडला की एकेक रसायन आपापल्या मिनिटाला बाहेर पडे आणि कागदावर टोक उठे. ऐंशी शुद्ध नमुन्यांच्या टोकांची सरासरी आणि त्यांचा नेहमीचा चढउतार धर्मराजच्या वहीत होता. माणसांपेक्षा टोकं बरी, वेळ पाळायची.

निपाणीच्या भरमाच्या टँकरचा नमुना या चढउताराच्या पार बाहेर गेला. कागदाच्या शेवटी रॉकेलची टोकं. भेसळीच्या ठपक्यानं भरमाला गाडीवरनं उतरवलं. आठवड्यानं तो दारात उभा.

"सायेब, म्या काय वतलं न्हाय वो. पोरीची आन."

"यंत्राला आन कळत न्हाय, भरमाण्णा."

"मग काय कळतंय त्येला?"

"आकडे."

"मग त्यास्नीच परत इचारा की!"

धर्मराजनं वर्षाचे कागद काढले. पंपांप्रमाणे लावले, टँकरांप्रमाणे लावले. काही हाती लागेना. शेवटी वेळेप्रमाणे लावले. रॉकेल सगळं चारनंतरचं! इतर नमुन्यांत इतकं बारीक, की डोळ्यांत भरलं नव्हतं. भरमाच्या दिवशी त्यानं स्टोव्हला नव्या वाती घातल्या होत्या, बोटं रॉकेलनं माखली होती.

सकाळी हात साबणानं धुऊन त्यानं भरमाचा राखून ठेवलेला नमुना तपासला. स्वच्छ.

चूक कबूल करणारा अहवाल पाहून मार्तंडराव दचकले. "अहो, नोकरीवर बेतेल! इथं स्टोव्ह कशाला, म्हणून विचारतील वरचे."

"विचारू देत. सांगीन."

"काय सांगाल?"

धर्मराजनं नुसतं टेबलाकडे पाहिलं. चार कप. मार्तंडरावांनी चष्मा पुसला आणि सही केली.

भरमा पुन्हा गाडीवर चढला. धर्मराजला लेखी ताकीद मिळाली, आणि स्टोव्ह खासबागेतल्या त्याच्या खोलीवर गेला.

दुसऱ्या दिवशी चारला चहा आला. कप चारच. धर्मराजनं नवा नमुना यंत्रात सोडला आणि कागदाकडे बघत बसला. शेवटच्या मिनिटांत काहीच उठलं नाही. सरळ रेघ येत राहिली.