रिव्हॉल्व्हरवरचं कुंकू

"काका, हे लाल काय व्हय? गंज का?" हवालदार गजेंद्रने रिव्हॉल्व्हर ठाण्याच्या खिडकीतल्या उजेडात धरलं आणि खिशातून रुमाल काढला.

"पुसू नका!" प्रभाकरराव इतक्या जोरात ओरडले, की बाकावर बसलेली माणसं वळून पाहू लागली. मग ते स्वतःच ओशाळले. "कुंकू आहे ते," हळूच म्हणाले.

प्रभाकररावांचं हिंगणघाटात खिळे-बिजागऱ्यांचं दुकान. गिऱ्हाइकाशी कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. पण जुन्या रिव्हॉल्व्हरांचं वेड असं, की परवान्यात बसतील तेवढी तीन जमवली होती. दोन मागेच नागपूरच्या दुकानदाराला देऊन टाकली. हे तिसरं इंग्रजांच्या काळातलं, मधून मोडून उघडणारं, जिवापाड जपलेलं. दर दिवाळीनंतर ते आपल्या शेतात, नाल्याच्या दरडीपुढे सहा बोळकी मांडत आणि सहा गोळ्या झाडत. त्यांची बायको, शकुंतलाबाई, कानात कापूस कोंबून मागे उभ्या राहत आणि फुटलेली बोळकी मोजत.

एका दसऱ्याला बाईंनी घोटाळा केला. शस्त्रपूजेआधी रिव्हॉल्व्हरला पंचामृताची आंघोळ घातली. दूध, दही, मध, साखर, सगळं आत. चाक जाम. प्रभाकरराव दोन दिवस ते रॉकेलने धूत बसले होते.

"येडी झाली का तू? हे का बाळकृष्ण आहे?"

"पूजेले तुम्हीच मांडता. मंग आंघोळ काऊन नाई घालाची?" बाईंचे डोळे भरून आले होते.

तेव्हापासून त्या कुंकवाचं फक्त एक बोट लावायच्या. मुठीच्या जरा वर, कपाळावर लावावं तसं. दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव दात घासायच्या जुन्या ब्रशने ते खरवडून काढायचे आणि वर पुटपुटायचे. बत्तीस वर्षं हे असंच चाललं. गेल्या दसऱ्याला मात्र प्रभाकररावांचे हात इतके थरथरत होते, की पुसायचं राहूनच गेलं. दिवाळीनंतर सहाही बोळकी शाबूत राहिली. "वारा होता," बाई म्हणाल्या. वारा नव्हता.

माघात शकुंतलाबाई गेल्या.

परवान्याची मुदत संपत आली होती आणि मुलाला, प्रफुलला, घरात हत्यार नको होतं. म्हणून ते स्वतःच जमा करायला आले होते. रिव्हॉल्व्हर जाण्याचं दुःख त्यांनी गिळलं होतं. पण बाईंच्या हातचं ते शेवटचं बोट कुणाच्या रुमालात जावं, हे त्यांना सोसवेना.

"पन काका, नंबर तिथंच कोरून आहे. मले पाहून लिहा लागते."

"मले तोंडपाठ आहे. सांगतो ना मी."

"तसं नाई चालत."

गजेंद्रने रिव्हॉल्व्हर डोळ्यांजवळ नेलं. आकडे झिजून जवळजवळ सपाट झाले होते. त्यात प्रभाकररावांच्या ब्रशाचाही वाटा होता. त्याने ते उजेडाकडे तिरपं केलं, अजून तिरपं केलं, आणि रुमाल परत खिशात घातला.

"काका, कुंकू खाचेत बसून आहे, म्हनून तं नंबर दिसून राह्यला. पुसलं असतं तं वाचताच नसता आला."

एकेक आकडा मोठ्याने म्हणत त्याने तो उतरवला. "काकूनं लावलं का?"

प्रभाकररावांनी मान हलवली. बत्तीस वर्षं आपण काय पुसत होतो, ते त्यांना आज कळलं होतं.

"फडक्यात बांधून ठेवतो. माह्याकडून कोनी नाई पुसत," गजेंद्र म्हणाला.

बांधण्याआधी त्यांनी रिव्हॉल्व्हर एकदा हातात घेतलं. अंगठा आपोआप त्या जागेवर गेला. मग सही करून ते घरी आले.

सुनेने, हर्षाने, ताट वाढलं. "बाबा, हात धुऊन घ्या."

प्रभाकररावांनी उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याला लाल लागलं होतं.

"थांब जराशी," ते म्हणाले, आणि मूठ मिटून ताटापुढे बसून राहिले.