मिसेस बॅटल

फेब्रुवारी आला की आमच्या हायस्कुलाला आम्हा काळ्या माणसांचा इतिहास आठवतो. यंदाचा कार्यक्रम माझ्या नातीने, डनीशाने बसवला होता. शेवटी बोलायला मला बोलावलं. मी चर्चला घालायची निळी हॅट घालून पहिल्या रांगेत बसले.

पोरं नाचली, भाषणं झाली. मग हेडमास्तर व्हिटलो माइकवर आले. आपल्यातलेच, काळेच आहेत, पण वर उत्तरेत, डेट्रॉइटात वाढलेले. मिसिसिपीत येऊन वर्षही झालं नाही.

"आता आपल्या सर्वांच्या लाडक्या ऑरझेला मावशी!"

टाळ्या झाल्या. मी बसून राहिले.

माझी आई गोऱ्यांची धुणी धुवायची. त्यांच्या बायकांना ती 'मिसेस' म्हणायची आणि त्यांची शेंबडी पोरंसुद्धा तिला 'मावशी' म्हणायची. मायेने नव्हे. काळ्या बाईला 'मिसेस' म्हणायला जीभ वळत नव्हती, म्हणून. "मला मिसेस ग्रीअर म्हणा," असं आईने एकदा सांगितलं, तर त्या घरचं काम गेलं.

टाळ्या थांबल्या. "या ना, मावशी!" व्हिटलो पुन्हा म्हणाले. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला ऐकू येत नाही वाटतं."

डनीशा स्टेजवरून धावत खाली आली. रडायच्या बेतात होती.

"आजी, ऊठ ना! माझा सगळा कार्यक्रम बुडेल. सगळे बघतायत."

"बघू देत. हॅट नवी आहे."

"गुडघा दुखतोय का?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय? मला अजून कुणी बोलावलंच नाही. कुणाच्या तरी मावशीला बोलावतायत."

ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या घरी फोन उचलला की "मिसेस बॅटल यांचं घर" म्हणायचं, हे तिला बोलायला लागल्यापासून शिकवलंय. ती वर गेली, माइक हेडमास्तरांच्या हातून काढून घेतला.

"मिसेस ऑरझेला बॅटल."

मी उठले. सावकाश. जे बोलायचं ठरवलं होतं ते राहिलं. आईच्या धुण्याबद्दलच बोलले. तिचं नाव त्या माइकवर पूर्ण घेतलं: मिसेस ल्युव्हेनिया ग्रीअर.

नंतर जेवणाच्या वेळी व्हिटलो तळलेल्या माशांची प्लेट घेऊन आले. "माफ करा, मिसेस बॅटल. मी प्रेमाने म्हणालो. माझी आजी इथलीच, नदीपलीकडची. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं, असं ती सांगायची."

"सगळं गाव म्हणजे कोण कोण?"

ते प्लेट हातात धरून उभेच राहिले.

"बसा," मी म्हटलं. "मासे निवतील."