कोणी लागत नाही

"तुम्ही या मुलीच्या कोण?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"आई," ती म्हणाली.

समोरचा वकील उठला. त्याच्या आवाजात राग नव्हता; चूक दुरुस्त करणाऱ्या मास्तरांचा शांतपणा होता. "सावत्र आई, मॅडम. आणि घटस्फोटानंतर तेवढीही नाही. माझ्या अशिलाच्या मुलीची ही बाई कायद्याने कोणी लागत नाही."

तिने शेजारी पाहिलं. तिच्या वकीलबाई खाली मान घालून पेनाचं टोपण काढत-घालत होत्या. पलीकडे नवरा बसला होता. नवरा म्हणजे पूर्वीचा. मनातल्या मनात तिची जीभ अजून अडखळायची.

"तुम्हाला स्वतःचं मूल आहे?" वकिलाने विचारलं.

"नाही."

"लग्नाला नऊ वर्षं झाली होती. का नाही झालं?"

उत्तर तिच्या ओठांवर होतं. पण वकीलबाईंनी बजावून ठेवलं होतं, ते चुकूनही बोलायचं नाही. नवऱ्याने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"नाही झालं," ती म्हणाली.

ती सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायची. दवाखान्यात तिला सगळे फोटोवाली बाई म्हणत. वडिलांचं आजारपण, धाकट्या बहिणीचं लग्न, हे निस्तरता निस्तरता तिशी उलटून गेली आणि मग बिजवराचं स्थळ आलं. मुलगी दीड वर्षाची. बघायला गेली तेव्हा पोर कोपऱ्यात बसून घास गालात धरून होती. गिळेना आणि थुंकेना. हिने समोर बसून स्वतःचा गाल फुगवला. पोरीने टक लावून पाहिलं, आणि खुदकन हसताना घास बाहेर आला. तेव्हापासून तिचं नाव खारू पडलं. लोक म्हणत, हिने नवरा नाही पसंत केला, पोर पसंत केली. ते फारसं खोटं नव्हतं.

सासूबाईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. "हे बघ, मी आडपडदा ठेवत नाही. तुला तुझं झालं की माझी नात परकी होणार. जगात हेच होत आलंय. मला शब्द दे."

तिने शब्द दिला. तेव्हा तो देणं सोपं वाटलं होतं. दोन वर्षांनी दिवस गेले तेव्हा तो केवढा जड आहे ते कळलं. नवरा म्हणाला, "तू ठरव. पण आईला काय सांगायचं?" म्हणजे ठरलेलंच होतं. दुसऱ्या गल्लीतल्या दवाखान्यात ती आत होती तेव्हा तो बाहेर पेपर वाचत बसला होता. परतताना रिक्षात म्हणाला, "खरंच मोठ्या मनाची आहेस तू." घरी आल्यावर खारूने पायाला मिठी मारली, आणि हिने तिला त्या दिवशी उचलून घेता येत नसतानाही उचललं.

ही गोष्ट बहिणीखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. वकीलबाईंना सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, हे सांगितलंत तर उलटंच पडेल. पोटातलं मूल नको म्हणणारी बाई, असंच लिहून घेतील. कोणासाठी नको म्हणालात, ते नाही लिहिणार."

सासूबाई गेल्या. त्यांच्यामागोमाग नवऱ्याचं मनही घरातून गेलं. त्याच्या ऑफिसातली कोणी होती. तिने आदळआपट केली नाही. तो समजूतदारपणे म्हणाला, "आपण भांडायचं कशाला? फारकत आपल्या दोघांची. तुझ्यात आणि खारूत मी कशाला येऊ? कधीही भेट, सुट्टीत घेऊन जा." तिने विश्वास ठेवला आणि सही केली. सुरुवातीला खारू दर रविवारी यायची. मग नवी बाई घरात आली आणि रविवार विरळ झाले. "नव्या घरात रुळू दे तिला," तो फोनवर म्हणाला. त्यानंतर फोनच उचलेना. शाळेच्या फाटकावर उभी राहायला लागली तर तिथल्या रखवालदाराने ओशाळून सांगितलं, "ताई, वरून सांगणं आलंय. तुम्ही इथे थांबू नका."

म्हणून कोर्ट. न्यायाधीश बाईंनी खारूला एकदा आपल्या खोलीत बोलावून घेतलं होतं. कोणाकडे जावंसं वाटतं, विचारल्यावर पोर म्हणाली, आईकडे. कोणती आई, असं विचारल्यावर गोंधळली म्हणे. "आई म्हणजे आई," एवढंच म्हणाली. हे न्यायाधीश बाईंनीच सांगितलं, निकालाच्या दिवशी, कागदावरून नजर उचलून. "मला दिसतंय सगळं. पण कायद्यात जन्म देणारी आहे, दत्तक घेणारी आहे. तुम्ही दत्तक का नाही घेतलंत?"

"घरातच होती हो ती," ती म्हणाली. "घरातल्या पोरीला दत्तक घ्यायचं असतं, हे कोणाला सुचतं?"

अर्ज फेटाळला गेला. वरच्या कोर्टातही तेच झालं. बहीण म्हणाली, "सुटलीस एकदाची. परक्याचं ओझं किती दिवस वाहणार?" ती उठून कामावर गेली. संध्याकाळी ड्युटीवरून येऊन कुलूप काढायची, दिवा लावायची, कपभर तांदूळ धुवायला घ्यायची आणि दरवेळी हात सवयीने दुसऱ्या कपाकडे जायचा. शेजारीण कधी डोकावून म्हणे, "तुमचं बरं आहे, ना पोर ना बाळ, निवांत." ती म्हणायची, "हो, बरं आहे." मग रेडिओ लावायची, कोणीतरी बोलत राहावं म्हणून.

अशी तीन वर्षं गेली.

त्या दिवशी दुपारी स्ट्रेचर आत आलं. शाळेच्या जिन्यावरून पडलेली मुलगी, कंबर दुखतेय, खुब्याचा फोटो काढायचा. सोबत एक तरुण बाई होती, घामाने भिजलेली, पदर कुठे, पर्स कुठे. "मी आत येऊ ना?" तिने विचारलं.

"बाहेर थांबावं लागतं," ती नेहमीच्या सवयीने म्हणाली, दार ओढलं आणि वळली.

पाय केवढे लांब झाले होते. चेहऱ्यावरचे गाल पार उतरले होते.

"ओळखलंस?" खारूने छताकडे बघत विचारलं.

तिने टेबलाची कड धरली. "बोलू नको. आधी दुखतंय कुठे ते दाखव."

खारूने दाखवलं. तिने पायाखाली उशी सरकवली, खुबा सरळ केला. हे काम हातांना येत होतं, त्यांना कोणाची परवानगी लागत नव्हती. मग थांबली. कंबरेचा फोटो काढण्याआधी वयात आलेल्या प्रत्येक मुलीला विचारावंच लागायचं. पोटात कोणी वाढत असलं तर फोटो काढता येत नाही. दिवसाकाठी कितीतरी जणींना ती हे विचारायची.

"पाळी यायला लागली का?"

"हो."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षी. शाळेतच आली."

"शेवटची कधी?"

"परवाच संपली."

नियमाचं विचारून झालं होतं. तरी ती तिथेच उभी राहिली. "कोण होतं जवळ, पहिल्यांदा?"

"कोणी नाही. शिपाई मावशींनी दिलं सगळं." खारूने ओठ चावला. "मी घाबरले नाही पण. तू सांगितलं होतंस ना एकदा, तुझ्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं म्हणून तू दोन दिवस मरणाची वाट बघत होतीस. मला तेच आठवून हसू आलं. बाथरूममध्ये एकटीच हसत होते, वेड्यासारखी."

हिला हसू आलं नाही. तिने खारूच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"बाबा म्हणाले, तुला कंटाळा आला."

नवऱ्याची बाजू सांभाळून घ्यायची सवय नऊ वर्षांची होती. ती क्षणभर तोंडाशी आलीही. "नाही," ती म्हणाली. "मी शाळेच्या फाटकावर यायचे. मला घालवून दिलं. दोन कोर्टांत गेले, तिथेही घालवून दिलं. मला कधीच कंटाळा आला नाही. हे लक्षात ठेव, बाकी विसरलीस तरी चालेल."

खारूच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. "मोठी झाले की मी येईन."

"ये. नाही जमलं तरी रागावणार नाही. आता हलू नको."

ती काचेमागे गेली. बटण दाबलं. पुन्हा एकदा, बाजूने.

दार उघडताच तरुण बाई झपाट्याने आत आली. "मोडलं का हो काही? मी कधीची विचारतेय, कोणी सांगेना. ह्यांचा फोनही लागत नाही." हे नाटक नव्हतं. घाबरलेल्या बाईचा चेहरा फोटोवाल्या बाईने आयुष्यभर पाहिला होता.

"डॉक्टर सांगतील. घाबरू नका," ती म्हणाली. मग जरा थांबून, "गोळ्या देतील. अख्ख्या देऊ नका हिला. गालात धरून ठेवते, गिळत नाही. कुटून द्या, थोड्या साखरेत."

तरुण बाईने तिच्याकडे पाहिलं, मग खारूकडे. हळूहळू तिच्या ध्यानात आलं असावं. तिने मान हलवली आणि स्ट्रेचरचा दांडा धरला. खारू कोपर टेकून मागे बघत राहिली, वळणापर्यंत.

फोटो पडद्यावर उमटला होता. मोड कुठेच नव्हती. मांडीच्या हाडाच्या टोकाशी एक बारीक काळी फट तेवढी दिसत होती. हाड अजून वाढत असलं की तिथे अशी फट राहते. वाढ पुरी झाली की ती बुजते. खारूची बुजायची होती. अजून चार बोटं तरी उंच होणार पोर.

बाहेर बाकावर हात गळ्यात बांधलेला एक म्हातारा कधीचा खोळंबला होता. तिने पडद्याकडे आणखी जरा वेळ पाहिलं, मग दार उघडून त्याला आत घेतलं.