भावोजींची विरहधून

एतिएन भावोजींनी चाळीस वर्षांत पन्नास सिनेमांना संगीत दिलं, पण लोक त्यांना ओळखत ते एकाच धुनेमुळे. पॅरिसहून हॉलिवूडला आलेल्या या फ्रेंच माणसाची ती धून लग्नांत वाजे, लिफ्टमध्येसुद्धा वाजे. तीन ओळी चढत जायची, चौथीला थबकायची आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या थबकण्यावर समीक्षकांनी पानंच्या पानं खरडली. विरहाचा उसासा म्हणे!

धून मूळची सुहासिनीची, म्हणजे भावोजींच्या बायकोची, वैदेहीच्या थोरल्या बहिणीची. ती ओट्यापाशी गुणगुणायची आणि हे चोरून टेप करायचे. ती दिवसभर हॉस्पिटलात, हे दिवसभर स्टॉपवॉच लावून सीनच्या सेकंदांत सूर बसवण्यात. घरात बोलणं इंग्रजीत; मराठी शिकायला सवड कुणाला? एवढ्या संसारात भावोजींनी तीन शब्द कमावले: चहा, पुरे आणि 'अगं बाई'. गाण्याचा अर्थ विचारला की सुहास हसून विषय बदलायची.

सुहास जाऊन वर्ष झालं. एका शनिवारी सकाळी भावोजींनी वैदेहीला आपल्या घरी बोलावलं आणि जुनी कॅसेट पुढे ठेवली.

"वैदेही, खरं सांग. या गाण्यात ती घर मिस करते आहे ना? माझ्या करिअरपायी ती इथे राहिली. ती अनहॅपी होती का? मला झोप लागत नाही."

त्यांनी बटण दाबलं. मागे फोडणीची चुरचुर, आणि सुहासचा तरुण आवाज. वर्षभर ज्या आवाजासाठी वैदेहीचे कान आसुसले होते, तोच.

"एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक..."

पुढे शांतता. मग पुन्हा "एकोणतीस एके..."

वैदेहीला हसू फुटलं. चोकला सुहासची गाडी कायमच अडायची! लहानपणी वडिलांपुढे, अण्णांपुढे, पाढे म्हणताना मागून वैदेहीच तिला हळूच 'सोळोदरसे', म्हणजे एकशे सोळा, पुरवायची. इथे पुरवणार कोण? जगाचा तो विरहाचा उसासा म्हणजे डॉक्टरीणबाईंचा विसरलेला पाढा होता.

"भावोजी, हे गाणं नाहीच. मल्टिप्लिकेशन टेबल आहे! ट्वेंटी-नाइनचं. पुढचं आठवायचं नाही, म्हणून ती थांबायची."

 भावोजी असे गदागदा हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"म्हणजे ती रडत नव्हती? गणित करत होती?"

"गणितच."

"हॅपी होती?"

"हो भावोजी. हॅपी होती."

भावोजी खुर्चीत मागे रेलले. वर्षभरात त्यांचा चेहरा इतका निवांत तिने पाहिला नव्हता.

वैदेही गाडीत येऊन बसली, पण किल्ली फिरवेना. मुलींनी चारचौघांत रडलेलं अण्णांना खपत नसे. रडू आलं की एकोणतिसाचा पाढा म्हणायचा, अशी त्यांची ताकीद होती. पाढा अवघड, मन त्यात गुंततं आणि डोळे कोरडे राहतात. मोठेपणी दोघी बहिणी तो दुसऱ्या कशासाठीच म्हणत नसत.

भावोजींना एक अक्षर कळलं नव्हतं, तरी त्यांनी बरोब्बर ऐकलं होतं. परत आत जाऊन हे सांगावं, असं वैदेहीला फार वाटलं. तिने गाडीची काच वर केली आणि एकोणतीस एकेपासून सुरुवात केली.